विंडशील्डमधली काच आणि प्लॅस्टिक वेगळं करताना : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

काम आजपासून सुरू. गाड्यांच्या तडा गेलेल्या, फुटलेल्या पुढच्या काचा घ्यायच्या आणि त्यांतून दोन माल काढायचे: भट्टीत परत वितळवता येईल इतकी स्वच्छ काच आणि पुन्हा वापरता येईल इतकं स्वच्छ प्लॅस्टिक. दोन्ही हवेत. एक हाती आलं आणि दुसरं कचऱ्यात गेलं, तर काम अर्धंच झालं असं आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवून टाकलंय.

बाटल्यांची, खिडक्यांची काच घेणारे पुष्कळ असतात. विंडशील्ड म्हटलं की बहुतेक जण नको म्हणतात, आणि त्यांचं चुकतं असंही नाही. ही काच म्हणजे मुळात दोन काचा, प्रत्येकी साधारण २ मिमी जाडीच्या, आणि त्यांच्या मधोमध चिकटवलेला ०.७६ मिमीचा पॉलिव्हिनाइल ब्युटिरालचा थर. पुढच्या नोंदींत याला नुसतं पीव्हीबी म्हणेन. दगड लागला, अपघात झाला तरी काचेचे तुकडे माणसाच्या अंगावर उडू नयेत, ते या थराला धरून राहावेत, एवढ्यासाठीच तो घातलेला असतो. जे धरून ठेवण्यासाठी बनवलंय तेच आम्हाला सोडवायचंय.

कागदावर हिशेब मांडला. काचेची घनता २.५, पीव्हीबीची १.०७. २.१ मिमीच्या दोन काचा धरल्या तर एका चौरस मीटरमागे काच भरते साडेदहा किलो आणि पीव्हीबी जेमतेम ८०० ग्रॅम. म्हणजे वजनात शेकडा सात. आकडा किरकोळ दिसतो, पण हे सात भाग उरलेल्या ९३ भागांची वाट अडवून बसलेत. या प्रकल्पात जे काही अवघड आहे ते सगळं या ०.७६ मिलिमीटरमध्ये आहे, असं माझं आज तरी ठाम मत आहे.

९ जानेवारी

पहिला माल आला. दिवसभर निवडच केली.

आलेल्या ढिगात दरवाज्यांच्या आणि मागच्या काचाही होत्या. त्या बहुतेक टफन्ड असतात: तापवून एकदम थंड केलेल्या, फुटल्या की बोथट कडांचे बारीक खडे होणाऱ्या. त्यांत मधला थरच नाही, त्यामुळे त्यांना आमच्या सगळ्या खटाटोपाची गरज नाही. मागच्या काचेवर मात्र धुकं घालवणाऱ्या तापणाऱ्या रेघा असतात, त्या चांदीच्या पेस्टच्या. त्या काचा वेगळ्या रचल्या.

ओळखायला कोपऱ्यातला शिक्का पुरतो. युरोपीय नियमावलीचा शिक्का असेल तर ४३आर हा क्रमांक दिसतो आणि रोमन दोनचा आकडा असला की साधं लॅमिनेटेड, म्हणजे मधला थर असलेलं, विंडशील्ड. अमेरिकी शिक्क्यावर एएस१ असतं. शिक्का पुसला गेला असेल तर कडेने पाहायचं: दोन काचांमधली बारीक रेघ डोळ्यांना दिसते, नखालाही लागते. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत आवाज कमी करण्यासाठी दरवाज्याच्या काचाही लॅमिनेटेड असतात, तेव्हा ‘दरवाज्याची म्हणजे टफन्ड’ असं धरून चालत नाही. प्रत्येक काचेची कड बघायचीच, असा नियम केला.

१० जानेवारी

सुट्टे भाग काढले. आरशाचा धातूचा चौथरा, पावसाच्या सेन्सरची जेल-पट्टी, कॅमेऱ्याचा कंस, रबराची किनार, स्टिकर आणि चौकटीला काच चिकटवणाऱ्या युरेथेनचा काळा जाड ओघळ. युरेथेन सगळ्यांत चिवट. धारदार पातं काचेशी जवळजवळ सपाट धरून ओढलं की लांब पट्टी निघते. तिरकं धरलं की काच ओरखडते आणि ओघळ तसाच राहतो.

हे काम आत्ताच करायचं. एकदा काच फोडली की यातला प्रत्येक तुकडा भुग्यात हरवतो आणि मग त्याला शोधायला यंत्रं लागतात.

१७ जानेवारी

रोलरची पहिली चाचणी. दोन पोलादी रोलर, पृष्ठभागावर चौकटीदार खाचा, मधली फट काचेच्या एकूण जाडीपेक्षा थोडी कमी. काच आत गेली की ती दाबाने फुटते, पण पीव्हीबी लवचीक असल्यामुळे तुटत नाही, चादरीसारखं सलग बाहेर येतं. हातोड्यांच्या गिरणीत घातलं असतं तर प्लॅस्टिकचेही तुकडे झाले असते आणि काच-प्लॅस्टिकची खिचडी हातात आली असती. थर सलग ठेवायचा, ही या यंत्रामागची सगळी कल्पना.

जवळून पाहिलं ते लिहून ठेवतो. रोलरमधून एकदा गेलेली काच बाहेरून पांढरी, जाळीदार दिसते, पण हातात धरली तर बरीचशी काच अजून जागेवरच असते. दुसऱ्यांदा, आडवी फिरवून, तिसऱ्यांदा कोनात घातली की तुकडे खाली पडू लागतात. प्रत्येक वेळी थर वाकतो आणि वाकताना तुकड्याची कड उचलली जाते. शेवटी जे उरतं ते पाहण्यासारखं: मऊ, मळकट पांढरी चादर आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी चिकटलेली काचेची बारीक खपली. भिंगाखाली धरली तर एकेक खपली तांदळाच्या कणीएवढी, चपटी, आणि तिच्याखाली पीव्हीबीत तिच्याच आकाराचा ठसा. ती नखाने निघत नाही. टाचणीने उचकटली तर खपलीच फुटते आणि तिचा तळाचा पापुद्रा चिकटलेलाच राहतो.

म्हणजे यंत्राच्या जोरावर बहुतेक काच सुटते, सगळी नाही. पुढचं काम जोराचं नाही, रसायनाचं आहे.

१९ जानेवारी

धुळीबद्दल. कामावर आलेल्या नव्या मुलांनी विचारलं की काचेच्या धुळीने सिलिकोसिस होतो का. सिलिकोसिस स्फटिकी सिलिकाने होतो, म्हणजे वाळू, क्वार्ट्झ, कापला जाणारा दगड. काचेतली सिलिका स्फटिकी नसते, त्यामुळे तो विशिष्ट धोका इथे नाही. पण धारदार कण डोळ्यांत, घशात, कातडीत जातातच. बंद चष्मा, मास्क, कोपरापर्यंतचे कापप्रतिबंधक हातमोजे, रोलरवर पाण्याचा बारीक फवारा आणि झाडू पूर्ण बंद. जे गोळा करायचं ते ओल्या फडक्याने किंवा बारीक गाळणीच्या व्हॅक्यूमने.

२५ जानेवारी

आज पाणी.

पीव्हीबी काचेला इतकं घट्ट का धरतं, हे समजल्याशिवाय ते सोडवता येणार नाही. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि ब्युटिराल्डिहाइड यांच्या अभिक्रियेतून हे प्लॅस्टिक बनतं आणि अभिक्रिया मुद्दामच पूर्ण होऊ देत नाहीत. काही हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, शिल्लक ठेवतात. काचेच्या पृष्ठभागावरही सिलिकॉनला जोडलेले हायड्रॉक्सिल गट असतात. कारखान्यात हा सांधा १४० अंशांच्या आसपास, हवेच्या दाबाच्या दहा-बारा पट दाबाखाली बसवला जातो आणि दोन्हीकडचे गट हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरतात. बंध एकेकटा दुबळा, संख्येने अफाट.

आणि हायड्रोजन बंधांवर हक्क सांगणारा तिसरा गडी म्हणजे पाणी. काच बनवणारे पीव्हीबीची आर्द्रता अर्ध्या टक्क्याच्या आसपास काटेकोर राखतात, ती यासाठीच: ओलावा वाढला की पकड कमी होते. त्यांना जे टाळायचं असतं तेच आम्हाला घडवून आणायचंय.

अख्खी, न फोडलेली काच पाण्यात ठेवली तर पाणी फक्त कडेकडून शिरतं. कडेला दुधी पट्टा दिसतो, तो फार हळू आत सरकतो. काच पाण्याला आत येऊच देत नाही. पण रोलरमधून काढलेली चादर पाण्यात टाकली की प्रत्येक तड्यातून पाणी थराला भिडतं आणि थर पाहता पाहता दुधाळ होतो. हे दुधाळपण म्हणजे आत शिरलेलं पाणी. वाळवलं की परत पारदर्शक. एक तुकडा मुद्दाम वाळवून खात्री केली.

तेव्हा क्रम पक्का: आधी फोडायची, मग भिजवायची. उलटा क्रम म्हणजे नुसता वेळ घालवणं.

भिजलेली चादर हातात घेऊन पिळली तेव्हा खपल्या पाण्यात गळून पडल्या. सगळ्या नव्हे, पण ज्या परवा टाचणीला दाद देत नव्हत्या त्यांतल्या कितीतरी. टबाच्या तळाशी चमचमता थर साचला. आम्ही सगळे थोडा वेळ तेच करत उभे होतो, पिळ आणि बघ.

३१ जानेवारी

कोमट आणि गरम पाण्याच्या चाचण्या. गरम पाणी थरात लवकर शिरतं आणि पकड लवकर सैल होते. मात्र पीव्हीबीत वजनाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतकं मऊपणा आणणारं तेलासारखं द्रव्य, म्हणजे प्लास्टिसायझर, मिसळलेलं असतं आणि तापलं की हा थर स्वतःलाच चिकटू लागतो. फार गरम पाण्यात चादरीच्या घड्या एकमेकींना चिकटून गोळा होतो आणि आत अडकलेली काच मग कायमची आत. त्यामुळे पट्ट्या सुट्या ठेवायच्या, सतत ढवळायचं, आणि पाणी कढत होऊ द्यायचं नाही.

पाण्यात काय घालायचं यावर बरीच चर्चा झाली. कॉस्टिक सोडा चटकन काम करेल असं मत आलं. मी त्याला तयार नाही. तीव्र अल्कली काचेचाच पृष्ठभाग खाते, पाणी हाताळायला घातक होतं आणि त्या पाण्याची विल्हेवाट हा नवाच प्रश्न उभा राहतो. आम्ही सौम्य, कमी फेसाच्या साबणद्रव्यावर थांबलो. ते पाण्याला फटीत शिरायला मदत करतं आणि सुटलेली खपली परत चिकटू देत नाही. सुटलेली काच पुन्हा थरावर बसते, हे इथे पहिल्यांदा लक्षात आलं. म्हणून ढवळताना खाली जाळीचा तळ हवा. काच जाळीतून खाली जाईल, थर वर राहील.

इथेनॉलमध्ये पीव्हीबी विरघळतं. विरघळवून गाळून परत मिळवता येतं आणि फार स्वच्छ मिळतं. पण इतकं ज्वालाग्राही द्रावण आमच्या आवाक्यातल्या जागेत वापरणं मला मान्य नाही. तो विषय बंद.

७ फेब्रुवारी

या प्रकल्पातली आजवरची सगळ्यांत आवडलेली चाचणी: मिठाचं पाणी.

धुतलेल्या पीव्हीबीच्या तुकड्यांत काही स्वच्छ असतात, काहींवर अजून काच चिकटलेली. डोळ्यांनी निवडणं अशक्य, कारण ओले असताना सगळेच दुधी दिसतात. साध्या पाण्यात दोन्ही बुडतात. पीव्हीबीची घनता १.०७, म्हणजे पाण्यापेक्षा जरा जड. पण मीठ विरघळवत गेलं तर पाण्याची घनता वाढते आणि संपृक्त द्रावणाची १.२ पर्यंत जाते. त्यात स्वच्छ पीव्हीबी तरंगतं, काच अर्थातच बुडते.

प्रश्न काच चिकटलेल्या तुकड्यांचा होता. हिशेब केला: तुकड्याची एकत्रित घनता १.२ व्हायला आकारमानात सुमारे ९ टक्के काच लागते, वजनात ती भरते १९ टक्के. म्हणजे संपृक्त द्रावणात जे बुडेल त्यात वजनाने पाचव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त काच आहे, तरंगेल त्यात त्याहून कमी. मीठ कमी करून घनता १.१ वर आणली तर चाळण आणखी काटेकोर होते: आकारमानात जेमतेम दोन टक्के आणि वजनात पाच टक्क्यांच्या आत काच असलेलेच तुकडे वर राहतात. नुसतं मीठ कमी-जास्त करून स्वच्छतेची पातळी ठरवता येते! घनता मोजायला हायड्रोमीटर पुरतो, मोठं उपकरण लागत नाही.

टाकीत प्रत्यक्ष असंच दिसलं. वर दुधी पापुद्रे, तळाशी काच, आणि अधेमधे रेंगाळणारे काही तुकडे, ज्यांना ठरवता येत नव्हतं. ते रेंगाळणारे वेगळे काढून भिंगाखाली धरले तर प्रत्येकावर कुठे ना कुठे खपली सापडली. ढवळताना अडकलेले हवेचे बुडबुडे काच असलेल्या तुकड्यालाही वर उचलतात, म्हणून टाकीत टाकण्याआधी तुकडे साध्या पाण्यात दाबून पूर्ण ओले करायचे.

बुडालेलं फेकायचं नाही, परत धुण्याच्या टबात.

८ फेब्रुवारी

मिठाच्या पाण्याची किंमत: दोनदा स्वच्छ पाण्याने धुणं आणि साध्या पोलादाच्या जाळ्यांना गंज. गंजाचा कण काचेत गेला तर काचेला हिरवट छटा येते. त्या टाकीपुरत्या प्लॅस्टिकच्या जाळ्या.

१५ फेब्रुवारी

काचेच्या बाजूची तपासणी. वाळवलेल्या काचेच्या चुऱ्याचा नमुना मुशीत घेतला, आधी ११० अंशांवर पूर्ण कोरडा करून तोलला, मग ५५० अंशांवर तापवून पुन्हा तोलला. पीव्हीबी जळून जातं, काच तशीच राहते. या तापमानाला ती मऊ होऊन चिकटतही नाही. जितकं वजन घटलं तितकं प्लॅस्टिक होतं. तापताना भट्टीच्या तोंडाशी खवट, आंबूस वास येतो. ब्युटिराल्डिहाइडचा तो वास एकदा ओळखीचा झाला की तराजूच्या आधी नाकालाच कळतं.

आकाराप्रमाणे चाळून वेगवेगळे नमुने जाळले, आणि त्यातून कामाची गोष्ट हाती आली. मोठ्या खड्यांत प्लॅस्टिक जवळजवळ नाही, कारण ते रोलरखाली स्वच्छ सुटून पडलेले असतात. सगळ्यांत बारीक पिठात आणि मधल्या चपट्या खपल्यांत ते जास्त. म्हणजे सगळा चुरा एकत्र करून ‘सरासरी’ शुद्धता सांगण्यात अर्थ नाही. मोठे खडे वेगळे ठेवले तर ते उत्तम माल म्हणून जातील; बारीक माल त्यांच्यात मिसळला तर सगळाच दुय्यम होईल. रोलरच्या खालीच दोन चाळण्या बसवायच्या आणि पहिल्यांदा पडलेली काच ओल्या भागाकडे जाऊच द्यायची नाही, असा बदल केला.

२२ फेब्रुवारी

नमुना घेऊन काच वितळवणाऱ्या भट्टीवर जाऊन आलो. तिथल्या ज्येष्ठ तंत्रज्ञांनी मुठीत चुरा घेतला, उजेडात धरला आणि पहिला प्रश्न विचारला तो प्लॅस्टिकचा नव्हता.

“आरशाचे चौथरे काढता का?”

“काढतो, फोडायच्या आधीच.”

“मग बसू या. प्लॅस्टिक थोडं आलं तर माझं मी बघून घेईन हो. पण अ‍ॅल्युमिनिअम आणि चिनीमातीचा खडा मला देऊ नका.”

कारण त्यांनी नीट समजावलं. अ‍ॅल्युमिनिअम वितळलेल्या काचेतल्या सिलिकेचा ऑक्सिजन ओढून घेतं आणि मागे शुद्ध सिलिकॉनचे बारीक मणी उरतात. ते काचेबरोबर आकुंचन पावत नाहीत, आणि जिथे मणी तिथे पुढे तडा. चिनीमाती, दगड, उष्णतारोधक काचसिरॅमिक हे भट्टीच्या दीड हजार अंशांनाही वेळेत विरघळत नाहीत, मालात खड्यासारखे दिसतात. निकेलचं तर नावही नको: गंधकाबरोबर त्याचं निकेल सल्फाइड होतं, ते टफन्ड काचेत अडकलं की कालांतराने आकार बदलतं आणि काच कुणी हातही न लावता फुटते.

हे ऐकताना आमच्या खाचा झिजणाऱ्या रोलरकडे लक्ष गेलं. स्टेनलेस स्टीलमध्ये निकेल असतं आणि नेहमीच्या वापरातलं स्टेनलेस चुंबकाला चिकटत नाही. तेव्हा जिथे काच घासली जाते तिथे साधं कठीण पोलादच हवं. त्याची झीज चुंबक तरी उचलेल. गंजेल, पण गंज दिसतो आणि पकडता येतो. स्टेनलेसचा कण कुणालाच दिसत नाही.

प्लॅस्टिकबद्दलही त्यांनी सूट दिली ती मर्यादेतच. सेंद्रिय पदार्थ भट्टीत कार्बन सोडतो, तो लोहाची रासायनिक अवस्था बदलतो आणि काचेचा रंग सरकतो. रोज थोडं आणि सारखं आलं तर ते हिशेबात धरता येतं. आज नाही आणि उद्या भरपूर, असं आलं तर दिवसाचा माल वाया. त्यांना शुद्धतेपेक्षाही सातत्य हवंय. हे माझ्यासाठी नवं होतं आणि आमच्या मोजमापांची पद्धत त्यामुळे बदलणार: प्रत्येक पोत्याचा नमुना जाळायचा, महिन्याची सरासरी काढत बसायचं नाही.

त्यांना आपला चुरा हवा का आहे, तेही सांगतो. काच बनवताना वाळूबरोबर सोडा, चुनखडी, डोलोमाइट लागतात आणि हे कार्बोनेट तापले की कार्बन डायऑक्साइड सोडतात. जुनी काच आधीच वितळून गेलेली असते, ती वायू सोडत नाही आणि कमी उष्णतेत वितळते. ढोबळ नियम असा की भट्टीत चुऱ्याचं प्रमाण दहा टक्क्यांनी वाढवलं की ऊर्जा अडीच ते तीन टक्के वाचते, आणि एक टन चुरा सुमारे १.२ टन कच्च्या मालाची जागा घेतो. इतकी चांगली वस्तू केवळ पाऊण मिलिमीटर प्लॅस्टिकमुळे खड्ड्यात पुरली जाते, याचा मला मनापासून राग येतो.

१ मार्च

काळी किनार.

विंडशील्डच्या चारही कडांना काळा पट्टा असतो आणि आत येताना तो ठिपक्याठिपक्यांनी विरळ होतो. युरेथेनला उन्हातल्या अतिनील किरणांपासून जपणं हे त्याचं काम. हा रंग नाही. कमी तापमानाला वितळणारी काच आणि धातूंच्या ऑक्साइडची काळी भुकटी एकत्र करून काचेवर भाजलेली असते. खरवडून निघत नाही. त्यातला क्रोमिअमचा अंश काचेत सहज विरघळत नाही, काळे ठिपके होऊन राहतो. जुन्या काचांच्या मुलाम्यात शिसंही असू शकतं.

दोन मार्ग होते: सगळी काच फोडून कॅमेऱ्याच्या यंत्राने काळे तुकडे उडवायचे, नाहीतर फोडण्याआधीच किनार कापून वेगळी करायची. आम्ही दुसरा घेतला. ओल्या हिऱ्याच्या चकतीने काठ कापला की रोलरमध्ये जातो तो फक्त पारदर्शक मध्यभाग. मेहनत वाढते, माल कमी होतो, पण उरतो तो भट्टीवाल्यांनी हसून घ्यावा असा. कापलेल्या काठाचा वेगळा ढीग. त्याच ढिगात तापणाऱ्या बारीक तारा असलेल्या आणि चांदीचा उष्णतारोधक लेप असलेल्या काचा, जोवर त्यांचं काय करायचं ते ठरत नाही तोवर.

८ मार्च

आता ते सात टक्के, म्हणजे पीव्हीबी.

स्वच्छ तुकडे कमी उष्णतेवर, हलती हवा देऊन वाळवले. दुधीपणा जातो आणि जवळजवळ नितळ, किंचित हिरवट-पिवळट, रबरासारखा ताणणारा माल मिळतो. दोन तापलेल्या पत्र्यांमध्ये दाबून त्याची नवी चादर केली. उजेडासमोर धरली. पारदर्शक आहे, पण आत असंख्य बारीक ठिणग्या चमकतात. त्या ठिणग्या म्हणजे उरलेली काच: काचेचा वक्रीभवनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याचं माप, १.५२, पीव्हीबीचा १.४८ च्या आसपास, आणि एवढासा फरकही डोळा पकडतो.

म्हणून या चादरीचं पुन्हा विंडशील्ड होणार नाही, निदान आमच्या पद्धतीने नाही. ठिणग्या एक कारण; दुसरं म्हणजे सगळं पीव्हीबी सारखं नसतं. वरच्या काठाला निळी किंवा हिरवी छटा असलेलं असतं. आवाज रोखणारं तीन थरांचं असतं, ज्याचा मधला थर जास्त मऊ. काचेवर वेगाचे आकडे दाखवणाऱ्या गाड्यांत ते पाचरीसारखं, वर जाड खाली पातळ. प्रत्येक उत्पादक पकड नेमकी राखण्यासाठी त्यात क्षारांचं वेगळं प्रमाण घालतो. हे सगळं एकत्र वितळलं तर जे होतं त्याला एकच एक स्वभाव उरत नाही.

पण गालिच्याच्या पाठीला, जमिनीच्या आच्छादनाला, आवाज शोषणाऱ्या पट्ट्यांना, चिकटद्रव्यांना पारदर्शकता कशाला हवी? तिथे हवं असतं ते लवचीकपण आणि चिकटपण, आणि पीव्हीबीत दोन्ही ठासून भरलंय. गालिच्यांच्या पाठीसाठी जुन्या विंडशील्डमधलं पीव्हीबी उद्योगात वापरलं जातंच. निळ्या छटेची पट्टी कात्रीने आधीच वेगळी करायची, एवढी एक पायरी वाढवली.

१० मार्च

दुपारी जेवताना इतिहासाचा विषय निघाला. फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तस यांनी लॅमिनेटेड काचेचं पेटंट १९०९ मध्ये घेतलं, त्यात मधला थर सेल्युलोज नायट्रेटचा होता. तो उन्हाने पिवळा पडे. पीव्हीबी १९३०च्या दशकात आलं आणि टिकलं. टिकाऊपणाच्या इतक्या वर्षांच्या कामासमोर आम्ही उभे आहोत, ही जाणीव कामाला बळ देते.

१६ मार्च

दुय्यम मालाची सोय. मोठे स्वच्छ खडे भट्टीकडे. उरलेल्याचं असं जमवतोय.

मधल्या आकाराचा माल काचतंतूंच्या उष्णतारोधक लोकरीसाठी चांगला. तिथे नितळपणाची अट सैल असते आणि काही कारखाने ८० टक्क्यांपर्यंत जुनी काच वापरतात. काळ्या काठाचा ढीग फेसकाचेकडे: बारीक दळून कार्बन किंवा सिलिकॉन कार्बाइडसारखं फेस आणणारं द्रव्य घालायचं आणि आठशे-नऊशे अंशांवर तापवायचं, की हलके, बंद छिद्रांचे ठोकळे मिळतात. रंग तिथे अडत नाही, चिमूटभर उरलेलं प्लॅस्टिकही नाही. शिसं असू शकेल अशा जुन्या काचांचा काठ मात्र त्यात घालायचा नाही.

काँक्रीटमध्ये वाळूऐवजी काच घालण्याची सूचना बऱ्याच जणांकडून येते. वाळूच्या आकाराची काच तशीच घालू नये. सिमेंटमधली अल्कली आणि काचेतली सिलिका यांच्यातून जेल तयार होतं, ते पाणी पिऊन फुगतं आणि काँक्रीटला आतून तडे पाडतं. हीच काच ७५ मायक्रॉनच्या खाली दळली तर उलट वागते, सिमेंटच्या चुन्याशी जुळून बळकटी देते. आमच्या सगळ्यांत बारीक पिठाला हा मार्ग जमू शकेल, पण त्याआधी त्यातलं प्लॅस्टिक कमी करावं लागेल. चाचणी-ठोकळे ओतून ठेवलेत.

रस्त्याखाली भराव म्हणून सगळंच घालून मोकळं व्हा, असंही सुचवलं गेलं. शेवटचा पर्याय म्हणून ठीक. जी काच पुन्हा काच होऊ शकते ती मातीखाली गाडायला माझी संमती नाही.

२३ मार्च

धुण्याच्या पाण्याकडे पुरेसं लक्ष द्यायची वेळ आली. साबणद्रव्य न घातलेल्या टबातल्या पाण्याचा सामू मोजला, तोही नऊच्या वर. पाण्यात काहीही घातलेलं नव्हतं. बारीक काचेतला सोडिअमच हळूहळू पाण्यात उतरतो आणि पाणी अल्कधर्मी होतं. पीठ जितकं बारीक आणि जितका वेळ पाण्यात, तितकं जास्त. म्हणजे गाळ टबात साठू देणं चुकीचं: रोजच्या रोज काढायचा, निथळायचा, दाबून वाळवायचा. पाणी दोन टप्प्यांच्या निवळण टाकीतून फिरवून परत वापरायचं आणि सोडण्याआधी सामू उतरवायचा. पहिली टाकी उभी राहिली, दुसरीच्या पाइपला गळती आहे.

२९ मार्च

काचा बदलणाऱ्या कारागिरांसाठी एक पान लिहून दिलं. काच ओली झाली तरी फरक पडत नाही, उलट मदतच होते. तुटलेली काच घडी घालून पोत्यात कोंबू नये. घडीच्या आत वाळू आणि माती शिरते आणि वाळूचा किंवा दगडाचा कण आम्हाला निवडता येत नाही. काच उभी, लाकडी मांडणीत ठेवावी. सेन्सर आणि चौथरा त्यांनीच काढला तर सगळ्यांत बरं, कारण त्यांच्याकडे त्याची हत्यारं आहेत आणि सेन्सर त्यांना परत वापरता येतो. टफन्डचे खडे त्याच पोत्यात टाकू नयेत. सिगारेटची थोटकं, चहाचे कप, पत्र्याची झाकणं यांच्यासाठी शेजारी वेगळी बादली ठेवावी. काचेचं पोतं हे कचऱ्याचं पोतं नव्हे, हे मोठ्या अक्षरांत लिहिलं.

एका कारागिराने पान वाचून विचारलं, “काका, युरेथेन कापून देऊ का? मला दोन मिनिटांचं काम आहे.” आमच्याकडे त्याच कामाला पातं सपाट धरण्याचा सराव असलेला माणूस लागतो. हो म्हटलं आणि पानावर तोही मुद्दा घातला.

उद्या त्यांच्याकडची पहिली मांडणी येईल. येणाऱ्या मालाचे काठ कापून मध्यभाग थेट रोलरवर, पहिल्या चाळणीवरच्या खड्यांचे नमुने मुशीत, आणि मिठाच्या टाकीतली घनता १.१ वर. दुसऱ्या निवळण टाकीचा पाइप सकाळी आधी बदलायचा.